एका टिंबाचा चिमटा

परबदादांना मी देवमाणूस म्हणणार नाही. माणूस गेला की त्याला देवमाणूस म्हणायचं, हात जोडायचे आणि मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची सोय आहे. मला या बाबतीत मोकळं व्हायचं नाही. शिवाय दादा देवमाणूस नव्हतेच. हट्टी होते, फटकळ होते, एकदा रुसले की पंधरा पंधरा दिवस समोरून जाताना भिंतीकडे बघत जायचे. सुरमईच्या कालवणात त्रिफळं घालायची की नाही यावरून त्यांनी एका जुन्या मित्राशी बोलणं तोडलं ते तोडलंच. मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं काढली, त्यांतली दोन तरी त्यांच्यावर चिडण्यात गेली असतील.

आमचा कारखाना लालबागेत होता. सायकलचे सुटे भाग बनायचे. पायडल, हब, घंट्या, आणि मुख्य म्हणजे पुढचे चिमटे. चिमटा म्हणजे सायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांत धरलेलं असतं तो. हे दोन पाय आणि वरची नळी जिथे एकत्र येतात, तिथे भट्टीवर पितळ वितळवून जोड भरतात. पितळ आतपर्यंत उतरलं तर तो जोड जन्मभर जात नाही. नुसतं वरवर बसलं, तर बाहेरून तितकाच चकचकीत दिसतो आणि एक दिवस चाक खड्ड्यात गेलं की तुटतो. डोळ्यांनी बघून काही कळत नाही. त्यासाठी परबदादा होते.

भट्टीपलीकडच्या खिडकीशी त्यांची जागा होती. तिथे चोवीस खुंट्यांची एक मांडणी, तिच्यावर चोवीस चिमटे उलटे टांगलेले. दादा लाकडी हातोडीने चिमट्याच्या डाव्या पायाला एक ठोका द्यायचे, मान वाकडी करून ऐकायचे, आणि मग लोखंडी पंचाने जोडाखाली एक टिंब उठवायचे. मग उजव्या पायाला ठोका, दुसरं टिंब. मग वरच्या नळीला, तिसरं. चांगला जोड ठणकन बोलायचा. कच्चा असला की बद्द आवाज यायचा आणि दादा तो चिमटा मागे न बघता खालच्या पेटीत टाकायचे. खरं म्हणजे नियमाने एक टिंब पुरे होतं. पुढे रंगाच्या खात्यात टिंब आहे की नाही एवढंच बघत. पण दादांना तसं सांगितलं की ते म्हणायचे, “तीनदा आयकलंय, तर तीनदा सांगूक नको?”

मी माल रवाना करण्याच्या खात्यात कारकून होतो. राहायला गिरगावात, ठाकूरद्वारला. आमच्या घरात सगळे पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत बसून लिहिणारे. मी लालबागेत कारखान्यात लागलो म्हटल्यावर आईने आठवडाभर शेजाऱ्यांना ते कळू दिलं नाही. कारखान्यात मला सगळे ‘गिरगाव’ म्हणायचे. दादा डिलाईल रोडच्या चाळीतले, मूळ मालवणकडचे. ते मला पहिल्या वर्षी ‘सायब’ म्हणत, तेही चिडवायला. दुसऱ्या वर्षी ‘वसंता’वर आले. मी त्याला बढती समजलो.

त्यांना ठोकून बघायची खोडच होती. हॉटेलात चहा आला की आधी कपावर नख मारणार. खुर्चीवर बसण्याआधी पाठीवर दोन टिचक्या. माझ्या बहिणीच्या केळवणाला मी त्यांना घरी बोलावलं होतं. हात धुवायला मोरीत गेले आणि तिथल्या पितळी घंगाळावर बोटाने ठोकत बसले. बाहेर येऊन आईला म्हणाले, “वयनी, तुमच्या घंगाळाक चीर गेलीहा.” आईने आत येऊन मला विचारलं, हा मनुष्य जेवायला आलाय की भांडी मोडीत घ्यायला? आठव्या दिवशी घंगाळ बुडाशी गळायला लागलं. त्यानंतर भांड्यांच्या बाजारात काही घ्यायचं ठरलं की आई म्हणायची, “तुझ्या त्या परबांना वेळ आहे का रे विचार.”

त्या वर्षांत संयुक्त महाराष्ट्राखेरीज कुणी दुसरं बोलत नव्हतं. चाळीच्या जिन्यात, केशकर्तनालयात, भट्टीपाशी, सगळीकडे तेच. मुंबई कुणाची, एवढा एकच प्रश्न. दादा त्यावर बोलायचे नाहीत. घोषणा द्यायला त्यांचा आवाजही नव्हता. पण सभा कुठेही असो, ते जायचे. टोपी घालून मागे कुठेतरी उभे राहायचे आणि संपली की चालत घरी. मी एकदा विचारलं, दादा, तुम्हाला भाषण आवडलं का? म्हणाले, “भाषणाक कोण जाता? एक माणूस कमी दिसता नये म्हणान जातंय.”

त्या दिवशी दुपारी बाराला काम बंद करून सगळ्यांनी फाउंटनकडे निघायचं ठरलं होतं. पावणेबाराला फाटकाशी माणसं जमली, झेंडे आले. बाहेरच्या रस्त्यावरून गिरण्यांचे कामगार चालले होते, त्यांच्या घोषणा आत ऐकू येत होत्या. आमचं खातं मात्र अडून राहिलं, कारण दादांची मांडणी भरलेली होती. चोवीसांपैकी सहा चिमटे झाले होते. ते आपले सावकाश ठोका देत होते, ऐकत होते, टिंब मारत होते. भट्टीवरचा यशवंता त्यांना दोनदा हाक मारून आला. शेवटी मी गेलो.

मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “दादा, तिकडे मुंबई हातची चाललीय आणि तुम्ही इथे चिमटे वाजवत बसा. की मालकाने तुम्हाला मागे थांबायला सांगितलंय?”

लोक हसले. आज कुणाला कळणार नाही, पण त्या दिवसांत ‘मालकाचा माणूस’ यापेक्षा घाण शिवी नव्हती. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हातोडी ठेवली, पंच उचलला आणि उरलेल्या अठरा चिमट्यांवर भराभर एकेक टिंब मारत गेले. एकेकच. ठोका न देता तीन टिंबं मारायला त्यांचा हात झाला नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की मी त्यांना हलवलं, आणि मी खूश होतो.

फाउंटनला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. धूर झाला, लाठ्या आल्या, गोळ्यांचे आवाज आले. मी पळालो. माझी एक चप्पल तिथे राहिली. दादा पळाले नाहीत, त्यामुळे पकडले गेले आणि बारा दिवस आत राहिले. तोवर नवे चिमटे वाजवायला दुसरं कुणी नव्हतं, ते बिनटिंबाचे साचून राहिले. त्यांच्या चाळीत समोरच्या खोलीतला एक तरुण गिरणी कामगार त्या दिवसांतल्या गोळीबारात गेला. तो दादांना रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचा.

तेराव्या दिवशी दादा कामावर आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. आम्ही हार आणून ठेवला होता. ते हाराकडे न बघता सरळ माझ्या टेबलाशी आले.

“माजी मांडणी खंय?”

“कुठली मांडणी?”

“त्या दिवसाची. अठरा चिमटे.”

मी म्हणालो, “गेली. रंगून, बांधून रवाना झाली. मीच लेबलं लावली.”

ते माझ्यासमोरच्या खोक्यावर बसले. यशवंता हार घेऊन आला होता, त्याचाही चेहरा उतरला. त्याने तेव्हा सांगितलं की त्या दिवशी सकाळी भट्टीचा भाता नीट चालत नव्हता, आच कमी पडत होती. त्याला वाटलं, दादा वाजवतील, कच्चे असतील ते टाकतील. फोरमनकडे गेलो. तो म्हणाला, टिंब आहे ना? मग पास. दादांनी हार घालून घेतला नाही. तो दोन दिवस खिळ्याला लटकून वाळला.

दीड महिन्याने एक तुटका चिमटा कारखान्यात परत आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. दादांनी तो उलटा केला आणि जोडाखाली अंगठा फिरवला. एक टिंब.

सायकल एका छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसाची होती. कामावर जाताना उतारावर चिमटा तुटून तो तोंडावर आपटला होता. व्यवस्थापकांनी आम्हा दोघांना बोलावून बजावलं की गाडीवर ओझं जास्त होतं असं कळवायचं ठरलं आहे, कुणी तोंड उघडलं तर त्याने दुसरी नोकरी बघावी. दादा “हो” म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “पत्तो ठाकूरद्वारचो आसा. घर दाखव.”

मला जायचं नव्हतं, हे कबूल करतो. नोकरीची भीती होती. पण नाही म्हणायला तोंडही नव्हतं. तो माणूस माझ्या वाडीपासून दोन गल्ल्यांवर राहत होता. जबडा बांधलेला, पुढचे दात गेलेले. बोलता येत नव्हतं म्हणून मुलीची पाटी घेऊन बसला होता. दादांनी टोपी काढली आणि उभ्यानेच सांगितलं, तो चिमटा मी न वाजवता पास केला. मोर्चाला जायची घाई होती. कंपनी काही म्हणो, चूक माझी आहे.

चूक तिघांची होती, यशवंताची, दादांची आणि सगळ्यांत आधी माझी. पण मी गप्प उभा राहिलो. त्या माणसाने बराच वेळ दादांकडे पाहिलं. मग पाटीवर लिहिलं आणि आमच्याकडे फिरवलं. ‘त्या दिवशी मीही तिथेच होतो.’ दादांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. त्याने पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. ‘बाकीचे कुठे आहेत?’

तिथून सगळं सुरू झालं. मी वही काढून पाहिलं. त्या दिवसाचा माल तीन दुकानांत गेला होता, एक गिरगावात, एक लालबागेत, एक दादरला. दादा प्रत्येक दुकानात गेले. न विकलेले नऊ सापडले, ते बदलून आणले. फोरमन वाईट माणूस नव्हता. नऊ आले, नऊ गेले, त्याने तिकडे पाठ केली. तुटलेला धरून दहा झाले. उरलेले आठ चिमटे मुंबईत कुणाच्या तरी सायकलींवर फिरत होते.

पुढची चार वर्षं दादांचा प्रत्येक रविवार त्यात गेला. खांद्याला पिशवी, पिशवीत एक तीन टिंबांचा चिमटा आणि नट खोलायचे पाने. जिथे सायकली लावलेल्या दिसतील तिथे वाकायचे, चिमट्याखाली अंगठा फिरवायचे आणि पुढच्या सायकलीकडे. नाट्यगृहांसमोर, दूध केंद्रांवर, शाळांच्या कुंपणाशी. रंगाखालूनही त्यांना टिंबं बोटाला कळायची. दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एकदा मला म्हणाल्या, “लोक रविवारी देवळात जातत, हे सायकली चाचपूक जातत.” हसून म्हणाल्या, पण डोळे पुसले. त्यांना चार वर्षांत नवऱ्याबरोबर एकदाही चौपाटी दिसली नाही. मला त्याचा राग यायचा. मी एकदा फडकन म्हटलंसुद्धा, तुम्ही प्रायश्चित्त घेताय आणि शिक्षा त्यांना. दादा पंधरा दिवस भिंतीकडे बघत गेले.

सापडलेले चिमटे ते परत आणून मांडणीवर टांगायचे आणि वाजवायचे. गंमत अशी की बहुतेक चांगलेच निघाले. रस्त्यावरचे सहा सापडले, त्यांत दुकानातले नऊ मिळवले, तरी फक्त दोन बद्द वाजले. मी हिशोब मांडून समजावलं की दादा, आता राहिलेले बरेच असणार, सोडा. ते म्हणाले, “असात. बरे असात. पण मी वाजवूक नाय.”

सातवा सापडला तो दादरला. एका रविवारी सकाळी मीही बरोबर होतो. कबुतरखान्याजवळ दादा एका सायकलीखाली वाकलेले असताना मागून कुणीतरी त्यांची मानगूट धरली. हवालदार होता. सायकलचोर समजून तो आम्हाला चौकीत घेऊन गेला. मी इंग्रजीत काहीतरी बोललो, त्याचा उलटाच परिणाम झाला. बाकावर बसवून ठेवलं. चौकीच्या अंगणात त्या हवालदाराची स्वतःची सायकल उभी होती. तासाभराने दादा पाणी प्यायला उठले आणि येताना सवयीने तिच्या चिमट्याखाली अंगठा घातला. मग तिथेच उभे राहिले.

परत येऊन माझ्याशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, “एक टिंब.”

मला आजही लाज वाटते, पण मी जे म्हणालो ते सांगतो. मी त्यांच्या कानात म्हणालो, “असू दे. पडू दे मेल्याला. तुमच्या समोरच्या खोलीतल्या पोराला कोणी मारलं, विसरलात?” मला मनापासून तसं वाटत होतं. गोळी कोणी झाडली ते आम्हाला कुठे ठाऊक होतं? पण पोलिसाचा गणवेश दिसला की आमचं डोकं फिरायचं. तो हवालदार आम्हाला सकाळपासून चोर म्हणत होता.

दादांचा अंगठा गुडघ्यावर घासत होता. ते विसरले नव्हते. त्या पोराच्या आईला पाणी भरून देण्याचं काम त्या दिवसापासून दादाच करत होते. मग ते मला म्हणाले, “चिमट्याक काय ठावक, वर कोण बसलो आसा?” आणि उठून हवालदारासमोर गेले.

हवालदाराचा आधी विश्वास बसेना. दादांनी पिशवीतला चिमटा काढून दाखवला, तीन टिंबं दाखवली, पाने काढले आणि त्या अंगणात उकिडवे बसून त्याच्या सायकलीचा चिमटा बदलून दिला. अर्धा पाऊण तास लागला. हवालदार शेजारी उभा राहून पाहत होता. शेवटी त्याने विचारलं, “कुठले तुम्ही?” दादांनी गावाचं नाव सांगितलं. तो शेजारच्याच गावचा निघाला. त्याने चहा मागवला. दादांनी कपावर नख मारलं, आणि न पिता कप खाली ठेवला. म्हणाले, “माज्या शेजारचो झील गेलो. तुमच्याकडचो चा माका गिळवचो नाय.” आम्हाला सोडून दिलं.

तो चिमटा सोमवारी मांडणीवर टांगला. मी, यशवंता, सगळे उभे होतो. दादांनी ठोका दिला. बद्द.

उरला एक. अठरावा.

पुढे मी कारखाना सोडला आणि फोर्टातल्या एका कचेरीत लागलो. आईला बरं वाटलं. दादांची भेट होईनाशी झाली. मग महाराष्ट्र झाला. मुंबईसकट झाला. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही गिरगावातले काही जण शिवाजी पार्कला गेलो. दिव्यांच्या माळा, सनई, माणसांचा पूर. ओळख नसलेले लोक एकमेकांना पेढे भरवत होते. मैदानाच्या कट्ट्याला लावून सायकलींची रांग उभी होती, शंभर तरी असतील. त्या रांगेत कुणीतरी वाकलेलं दिसलं. टोपी, खांद्याला पिशवी.

मी मित्रांना सोडून तिकडे गेलो. दादा वाळले होते. मी पेढा पुढे केला. उजवा हात एका चिमट्याखाली होता म्हणून त्यांनी डाव्या हाताने घेतला आणि तोंडात टाकला.

“झालो रे वसंता महाराष्ट्र,” म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मग शेजारच्या सायकलीकडे सरकले.

चार वर्षं जे बोललो नव्हतो ते माझ्याने आता धरवेना. मी म्हणालो, “दादा, त्या दिवशी मी तसं बोललो नसतो तर तुम्ही हातोडी ठेवली नसती. चूक माझी आहे. मी त्या छापखानेवाल्याच्या घरीही गप्प राहिलो.”

ते वाकलेले होते ते सरळ झाले. मला वाटलं, आता काहीतरी फटकळ ऐकवतील. ते ऐकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“तू बोललंस,” ते म्हणाले. “पण हातोडो माज्या हातात होतो.”

एवढंच म्हणून ते पुन्हा वाकले. दोन महिन्यांनी ते वहिनींना घेऊन कायमचे गावी गेले आणि पुढच्या वर्षी तिथेच वारले. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या संध्याकाळी. मागे सनई चालली होती, मित्र मला हाका मारत होते. मी गेलो नाही. मी रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेलो, पहिल्या सायकलीपाशी वाकलो आणि चिमट्याखाली अंगठा घातला. माझ्या कारकुनी बोटांना आधी काही कळेना. मग कळायला लागलं. काहींवर टिंबच नव्हतं, ते दुसऱ्या कारखान्यांचे, काहींवर तीन. ते त्या बाजूने येत होते, मी या बाजूने. काळोख पडता पडता आम्ही मधोमध भेटलो. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. त्यांनीही हलवली.